मिशन भिंतीवर, अभ्यासक्रम विद्यापीठाचा, मग आपल्या हातात काय?

पत्र असं आहे (नाव-गाव काढलंय, थोडं छोटं केलंय):

"नमस्कार ताई, मी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या ठिकाणी बीएड कॉलेजात सहायक प्राध्यापक आहे, गेल्या वर्षीपासून आयक्यूएसीचं (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं) काम पण माझ्याकडे आलंय. आमच्या कॉलेजचं मिशन आहे, 'ग्रामीण व आदिवासी भागातील विद्यार्थ्यांसाठी संवेदनशील, चिंतनशील, मूल्याधिष्ठित व तंत्रस्नेही शिक्षक घडवणे'. प्राचार्य म्हणतात अभ्यासक्रम आणि मिशन यांचा मेळ दाखवणारा तक्ता शनिवारपर्यंत हवा, नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला) लागतो. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, त्यातली एक ओळ आम्ही बदलू शकत नाही, मग मेळ घालायचा म्हणजे नेमकं काय करायचं? एक सहकारी म्हणतात दुसऱ्या कॉलेजचा तक्ता घे आणि नाव बदल. मिशनच नीट लिहू या म्हटलं तर संस्थेतले लोक म्हणतात ते संस्थापकांनी लिहिलंय, हात लावायचा नाही. आमचे विद्यार्थी तर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) सोडून कशाचं ऐकत नाहीत. खरंच सांगा, हे सगळं फक्त कागदासाठी असतं का?"

नमस्कार मॅडम,

नाही, फक्त कागदासाठी नसतं, आणि तुमचं मिशन वाचून तर मला वाटलं की असं स्पष्ट मिशन असलेली कॉलेजं फार कमी आहेत. बहुतेक ठिकाणी 'गुणवत्तापूर्ण शिक्षण', 'जागतिक दर्जा', 'सर्वांगीण विकास' असलं काहीतरी असतं जे कुठल्याही कॉलेजच्या भिंतीवर लावलं तरी चालेल. तुमच्याकडे निदान कोणासाठी ते लिहिलंय, ग्रामीण आणि आदिवासी भागातल्या मुलांसाठी. ते शब्द धरूनच पुढे जाऊ या.

आधी अभ्यासक्रम विद्यापीठाचा आहे या मुद्द्याचं बघू, कारण इथेच सगळे हात टेकतात. थिअरीचे पेपर विद्यापीठाचे, युनिट त्यांचे, परीक्षा त्यांची, मान्य आहे. पण बीएड म्हणजे बीए-बीकॉम नाही ना, इथे अर्धं काम थिअरीच्या बाहेर चालतं. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांनी बीएड दोन वर्षांचं केलं, त्यात वर्षाला किमान २०० दिवस काम आणि दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत सांगितले, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. आता हे १६ आठवडे कुठल्या शाळेत काढायचे हे विद्यापीठ सांगतं का? तुम्ही ठरवता. टाचणाचा (पाठाच्या लेखी आराखड्याचा) नमुना काय असेल, त्यात कुठले रकाने असतील, सराव पाठ कुणाच्या वर्गात होतील, पाठ झाल्यावर मार्गदर्शक काय बोलेल, प्रात्यक्षिकाचे विषय कुठले, अंतर्गत गुण कशाला द्यायचे, नाट्य आणि कलेच्या ईपीसीत (व्यावसायिक क्षमता वाढवणाऱ्या प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात) काय करायचं, वाचन-चिंतनाच्या ईपीसीत कुठले उतारे वाचायचे, समाजकार्याचं शिबिर कुठे न्यायचं, ३० तासांचा ॲड-ऑन कोर्स कशावर काढायचा, वेळापत्रकात शनिवारी सकाळी काय ठेवायचं, यातलं बहुतेक सगळं तुमच्या स्टाफरूममध्ये ठरतं. बरं हे नॅकच्या विरोधात पण जात नाही, उलट अध्यापक शिक्षणाच्या कॉलेजांसाठी नॅकचं जे वेगळं मॅन्युअल आहे त्यात पहिल्याच निकषात विचारलंय की अभ्यासक्रमाचं नियोजन आणि आढावा तुम्ही घरच्या घरी घेता का, स्थानिक परिस्थितीला तो जुळवून घेता का. म्हणजे विद्यापीठाचा अभ्यासक्रम तुम्ही बदलणार नाही हे त्यांना माहीत आहे, तो तुमच्या गावात कसा उतरवता हे ते विचारतायत.

म्हणून तक्त्यापासून सुरुवात करू नका. तक्ता सगळ्यात शेवटी भरायचा.

सुरुवात इंटर्नशिपच्या शाळांच्या यादीपासून करा. आत्ताच उघडा ती फाइल. गेल्या दोन-तीन वर्षांत तुमचे छात्राध्यापक कुठल्या शाळांत गेले? मला वाटतंय मी बरोबर ओळखते, तालुक्याच्या गावातली दोन-तीन अनुदानित हायस्कुलं, एखादी कन्याशाळा, आणि संस्थेचीच एक माध्यमिक शाळा जी कॉलेजच्या आवारातच आहे. कारण तिथे जाणं सोपं, मुख्याध्यापक ओळखीचे, एसटीचा प्रश्न नाही, मार्गदर्शक प्राध्यापकाला एका सकाळी चार पाठ बघून परत येता येतं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये, सोय बघावीच लागते, विशेषतः स्टाफ कमी असताना, आणि एनसीटीई दरवर्षी १०० प्रवेश असलेल्या कॉलेजला १६ जणांचा स्टाफ म्हणतं पण विनाअनुदानित कॉलेजात बरेच लोक तासिका तत्त्वावर असतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण मिशनमध्ये आदिवासी भागातली मुलं आहेत आणि तुमचा छात्राध्यापक दोन वर्षांत एकदाही आश्रमशाळेत शिकवत नाही, तर मग पेपर क्रमांक अमुकच्या युनिट तीनमध्ये 'वंचित घटकांचे शिक्षण' आहे म्हणून तक्त्यात ३ (म्हणजे सगळ्यात घट्ट संबंध) लिहिल्याने काय होणार आहे? खरा मेळ तिथे तुटलाय, आणि तो जोडणं तुमच्या हातात आहे.

सगळे १६ आठवडे सगळ्यांना सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याला पाठवा असं मी म्हणत नाही. ५० जणांच्या बॅचमधले १०-१२ जण तीन आठवड्यांसाठी एका आश्रमशाळेत, ते परतले की दुसरे १०-१२, असं फिरतं केलं तरी वर्षाच्या शेवटी प्रत्येक जण तिथे राहून आलेला असेल. राहून हा शब्द मुद्दाम लिहितेय. आश्रमशाळेत शिकवणं म्हणजे फक्त ११ ते ५ नाही, तिथे मूल संध्याकाळी पण तिथेच असतं, घरची आठवण येऊन रडतं, आजारी पडतं, होळीला गावी जातं आणि परत यायला वेळ लावतं. हे बघितलं नाही तर संवेदनशील कशावरून म्हणायचं?

आता टाचणाकडे या, कारण मला विचाराल तर कॉलेजचं मिशन सगळ्यात स्वस्तात कुठे उतरवता येत असेल तर ते टाचणाच्या नमुन्यात. आपला नमुना वर्षानुवर्षं तोच आहे, घटक, उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, शैक्षणिक साधने, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, फलकलेखन, स्वाध्याय. यातला पूर्वज्ञानाचा रकाना काढून बघा. 'विद्यार्थ्यांना बाग माहीत आहे.' 'विद्यार्थ्यांना बँक माहीत आहे.' संपलं. मी बघितलेला एक पाठ सांगते, गणिताचा, परिमितीचा. मुलगी हुशार होती, तयारी उत्तम, रंगीत चार्ट, फलकलेखन अगदी नमुन्यासारखं. उदाहरण काय घेतलं तर सोसायटीच्या बागेला तारेचं कुंपण घालायचंय. वर्गात पन्नासेक मुलं, सगळी पाड्यांवरून आलेली, सोसायटीची बाग कुणी बघितलेली नाही, वर्ग गप्प. तिने तोच प्रश्न जरा मोठ्या आवाजात परत विचारला, मग आणखी एकदा. शेवटी शाळेचे गणिताचे सर मागच्या बाकावरून उठले आणि म्हणाले, अरे तुमच्या घराभोवती बांबूचं कुंपण करताना बांबू किती लागतील ते कसं काढता? पाच मिनिटांत निम्म्या वर्गाचे हात वर. मुलांना परिमिती येत होती, प्रश्न ज्या जगातला होता ते जग त्यांचं नव्हतं. आणि त्या छात्राध्यापिकेच्या पाठाला निरीक्षण तक्त्यात गुण चांगलेच मिळाले, कारण तक्त्यात प्रस्तावना होती का, चार्ट होता का, आवाज होता का एवढंच होतं.

मग नमुन्यात तीन ओळी वाढवा. या वर्गातली मुलं घरी कुठली भाषा बोलतात? या घटकातला कुठला शब्द किंवा कुठलं उदाहरण त्यांना अडेल? त्यांच्या गावातलं, घरातलं, शेतातलं काय घेऊन तो उलगडशील? बस. तुमच्या भागात भिली, पावरी, मावची बोलणारी मुलं आहेत, शहराच्या बाजूला अहिराणी. छात्राध्यापकाला तीन ओळी भरायच्या असतील तर आदल्या दिवशी शाळेत जाऊन मुलांशी बोलावंच लागेल, कारण ते गाइडमध्ये सापडत नाही. आणि निरीक्षण तक्त्यात त्याला गुण ठेवा, खरे गुण, दहातले दोन तरी. गुण ठेवल्याशिवाय कोणी करत नाही, हे आपण सगळे जाणतो. तुमच्या बॅचमध्ये स्वतः पावरी बोलणारी मुलं-मुली असतीलच, आत्तापर्यंत ती बिचारी आपली भाषा लपवून प्रमाण मराठीत पाठ घ्यायला धडपडत असतील, या तीन ओळींमुळे पहिल्यांदा वर्गातल्या बाकीच्यांना त्यांच्याकडे जाऊन विचारावं लागेल. त्यांच्याबद्दल मला फार वाटतं, आपण त्यांना शिक्षक बनवतो आणि त्यांच्याकडे असलेली सगळ्यात मोठी गोष्ट दाराबाहेर ठेवायला लावतो.

हे काही मी नवीन सांगत नाहीये, महाराष्ट्रात हे झालेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावर नेली, घरांच्या अंगणात, तीच अंगणवाडी. मोठी मुलं गुरं राखायला जातात तर त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली, गुरं चरतायत आणि तिथेच शिक्षण चाललंय. साधनं म्हणजे बिया, पानं, शिंपले, दगड. त्यांचं ध्येय काय होतं ते शाळेची जागा, वेळ, साधनं आणि शिक्षिकेची रोजची कामं बघूनच कळायचं, वेगळं मिशन स्टेटमेंट वाचावं लागायचं नाही. तुमच्या वाचन-चिंतनाच्या ईपीसीला कोसबाडच्या कामाबद्दलचं एखादं लेखन ठेवा आणि त्यावर चर्चा घ्या, तुमच्या मिशनला याच्यापेक्षा जवळचं काही सापडणार नाही.

आता मिशनमधल्या त्या चार विशेषणांकडे. नॅकला पीएलओ आणि सीएलओ लागतात, म्हणजे दोन वर्षांनी आपला विद्यार्थी काय करू शकेल आणि प्रत्येक पेपरनंतर काय करू शकेल. इथे लोक इंटरनेटवरून वाक्यं उचलतात. तुम्ही असं करा, स्टाफची एक दुपार घ्या, चहा मागवा, मोबाइल बाजूला ठेवा, आणि प्रत्येक विशेषणावर एकच प्रश्न विचारा, हा माणूस वर्गात उभा असताना मला हे कशावरून दिसेल? दिसेल असं वाक्य आलं तर लिहा, नाही आलं तर तो शब्द अजून रिकामा आहे.

संवेदनशीलचं वर आलंच, मुलाची भाषा, मुलाचं घर. त्यात एक भर, तुमच्या भागातून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, गुजरातकडे जातात, आणि हजेरीपटावर नावं राहतात, मुलं नसतात. इंटर्नशिपमधलं एक प्रात्यक्षिक यावर ठेवा, आपल्या वर्गाचा हजेरीपट बघायचा, दिवाळीनंतर कोण आलं नाही, का आलं नाही, हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, परत आल्यावर त्याचं काय बुडालंय आणि ते कसं भरून काढणार. दहा पानांचा छापील प्रकल्प नको, हाताने लिहिलेली चार पानं पुरे. आणि इंटर्नशिपचं वेळापत्रक आखताना पण हे लक्षात ठेवा, नाहीतर तुमचे विद्यार्थी नेमके वर्ग निम्मे रिकामे असताना जातील, किंवा होळीच्या आसपास जेव्हा काठी गावच्या राजवाडी होळीपासून सगळीकडे धामधूम असते आणि शाळेत कोणी नसतं. तसं असेल तर मग त्यांना होळीलाच न्या, नाट्य-कलेच्या ईपीसीसाठी, ढोल आणि नाच बघून आलेला शिक्षक मुलांना काय विचारायचं ते शिकून येतो.

चिंतनशीलसाठी आपण डायरी लिहून घेतो, आणि ती सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच पेनाने लिहिलेली असते, वाचणाऱ्याला पण कळतं. ती डायरी बंद करा. त्याऐवजी पाठ झाल्यावर शाळेतच दहा मिनिटं, तीन-चार ओळी, काय झालं, कुठे अडलं, उद्या काय बदलणार. मार्गदर्शकाने तिथेच सही करायची. आणि पुढच्या टाचणात तो बदल दिसला पाहिजे, दिसला नाही तर पाठ परत. पाच पाठांनंतर फरक दिसायला लागतो.

तंत्रस्नेही म्हटलं की सगळे स्मार्ट बोर्डाचा फोटो लावतात. तुमच्या भागात कितीतरी ठिकाणी नेटवर्कसाठी टेकडीवर जावं लागतं, मग तुमचा तंत्रस्नेही शिक्षक कोण? एकच फोन, रेंज नाही, वीज अधूनमधून, अशा वर्गात ज्याला काम करता येतं तो. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, दीक्षा ॲपवरचं साहित्य आधी डाउनलोड करून ठेवता येतं, मुलांच्या आजीची गोष्ट पावरीत रेकॉर्ड करून वर्गात ऐकवता येते. आयसीटीच्या ईपीसीचं प्रात्यक्षिक असं ठेवा की फोन फ्लाइट मोडवर टाकून पाठ घेऊन दाखवायचा. कॉम्प्युटर लॅबमध्ये पीपीटी बनवून घेण्यापेक्षा हे तुमच्या मिशनच्या कितीतरी जवळ आहे.

राहिलं मूल्याधिष्ठित. यावर थोडं कडक लिहिते, राग मानू नका, हे तुमच्या कॉलेजबद्दल नाही, एकूण क्षेत्राबद्दल आहे. नियम सांगतो की थिअरी आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी हवी आणि इंटर्नशिपला ९० टक्के. आणि तरी 'यायची गरज नाही, फी भरा, बाकी आम्ही बघतो' असं बीएड मिळतं हे गावागावात माहीत आहे. जिथे विद्यार्थी न येता हजेरी लागते तिथे मूल्यशिक्षणाचा कुठलाही पेपर काही शिकवू शकत नाही, कारण विद्यार्थ्याने पहिल्याच महिन्यात शिकून घेतलेलं असतं की सही म्हणजे काय. मूल्याधिष्ठित या शब्दासमोर मला पीएलओ म्हणून एकच गोष्ट लिहायची असती तर मी कॉलेजची खरी हजेरी लिहिली असती. तुम्ही हे प्राचार्यांशी कसं बोलायचं ते तुम्हालाच ठरवावं लागेल, पण निदान इंटर्नशिपची हजेरी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सहीने रोजच्या रोज घ्यायची, महिन्याच्या शेवटी एकदम नाही, एवढी सुरुवात आयक्यूएसी म्हणून तुम्ही करू शकता.

टीईटीचं. विद्यार्थी ऐकत नाहीत म्हणून त्यांच्यावर चिडू नका. शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरातली मुलं कर्ज काढून येतात, टीईटी, मग टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी), मग पवित्र पोर्टल (राज्याची ऑनलाइन शिक्षक भरती), मग कधीतरी नोकरी, ती वाट लांब आहे आणि त्यांना भीती वाटणारच. मिशनमध्ये नोकरी हा शब्द नाही म्हणून ती गोष्ट कॉलेजची नाही असं नसतं, जो शिक्षक नोकरीलाच लागला नाही तो आदिवासी मुलांना शिकवणार कुठे? टीईटीच्या १५० प्रश्नांत ३० बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे असतात, आणि ते पाठ करून नीट सुटत नाहीत कारण वर्गातले प्रसंग देऊन विचारलेले असतात. हजेरीपटाचं प्रात्यक्षिक, अडलेल्या मुलाचा अभ्यास, पाठानंतरच्या चार ओळी, यावर चर्चा घेताना शेवटची पंधरा मिनिटं त्याच प्रकारचे टीईटीचे प्रश्न घ्या. विद्यार्थी बसतील. आणि तयारीचा तास वेळापत्रकात उघडपणे ठेवा, म्हणजे मुलं इतर तास बुडवून शहरातल्या क्लासला पळणार नाहीत.

संस्थेचं काय करायचं ते सोपं आहे, म्हणजे तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा सोपं आहे. संस्थापकांचं वाक्य बदलू नका. ते तसंच राहू दे, त्यामागे एका माणसाची तळमळ आहे आणि त्याचा मान ठेवला पाहिजे. त्याच्याखाली सहा-सात पीएलओ लिहा, 'या वाक्याचा आमच्या कॉलेजपुरता अर्थ' म्हणून, आणि ते महाविद्यालय विकास समितीत ठेवून ठराव करून घ्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने ही समिती आहेच, तिच्यात संस्थेचे लोक पण असतात, म्हणजे त्यांच्यासमोर आणि त्यांच्या सहीनेच होईल. बैठकीत एक गोष्ट आवर्जून मांडा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की २०३० पर्यंत शिक्षकासाठी किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बीएड व्हावी. एकट्या बीएड कॉलेजांना आपण पुढे काय होणार हे ठरवावंच लागणार आहे, आणि 'आमच्या भागातल्या आश्रमशाळांसाठी शिक्षक आम्हीच घडवतो' हे ज्यांना पुराव्यासकट सांगता येईल त्यांचं म्हणणं ऐकलं जाण्याची शक्यता जास्त. संस्थेतल्या लोकांना ही भाषा कळते.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला पण लिहा. लोक म्हणतात काही उपयोग नाही, पण बहुतेकांनी कधी लिहिलेलंच नसतं. नुसतं 'अभ्यासक्रम स्थानिक असावा' असं मोघम लिहू नका, वर्षभराचा अनुभव झाला की अमुक पेपरच्या अमुक युनिटमध्ये बहुभाषिक वर्गासाठी इतके तास आणि हे प्रात्यक्षिक हवं, आम्ही ते घेऊन बघितलं, हा नमुना सोबत जोडलाय, असं लिहा. अभ्यासक्रम पुन्हा बदलायला घेतला की मंडळातल्या लोकांना तयार मजकूर हवाच असतो.

आणि शाळांना विचारा. तुमच्या कॉलेजातून पास होऊन आसपास नोकरीला लागलेले शिक्षक, त्यांचे मुख्याध्यापक, यांना फोन करा, फीडबॅक फॉर्म नंतर भरून घ्या, त्यात सगळे 'उत्तम' वर टिक करतात. फोनवर विचारा, पहिल्या वर्षी आमचा विद्यार्थी कुठे अडला? दहा फोन केलेत की तुमच्या अभ्यासक्रमात कुठे भोक आहे ते कुठल्याही तक्त्यापेक्षा स्पष्ट कळेल.

आता तो तक्ता. १, २, ३ अशी पातळी देऊन सीओ आणि पीओ (म्हणजे आपले सीएलओ आणि पीएलओ) जुळवायची ही पद्धत मुख्यतः इंजिनीअरिंगवाल्यांच्या एनबीए मान्यतेतून आपल्याकडे रुळली, ती वाईट नाही पण प्रामाणिकपणे भरली तरच. सगळ्या चौकटीत ३ भरलेला तक्ता बघणाऱ्याला काहीच सांगत नाही, उलट तज्ज्ञ समिती पहिला प्रश्न तिथेच विचारते, हे ३ कशावरून? रिकामी चौकट चालते. एखाद्या पेपरचा एखाद्या पीएलओशी संबंध नसेल तर तिथे आडवी रेघ मारा. ज्या पीएलओची अख्खी उभी ओळ रिकामी दिसेल तिथे आपल्याला प्रात्यक्षिक किंवा ॲड-ऑन कोर्स घालायचाय, तक्त्याचा खरा उपयोग एवढाच. दुसऱ्या कॉलेजचा तक्ता मात्र अजिबात घेऊ नका. चोरी वगैरे बाजूला ठेवू, पण त्या कॉलेजचं मिशन 'उद्योजकता' असेल आणि तुमच्या तक्त्यात तो शब्द राहून गेला तर समितीसमोर उत्तर द्यायला तुम्हीच बसणार आहात, ते सहकारी नाही.

शनिवारचं असं करा. प्राचार्यांना सांगा की सगळे पेपर नाही, दोनच देते, एक तुम्ही शिकवता त्या अध्यापन पद्धतीचा पेपर आणि दुसरी इंटर्नशिप, पण दोन्ही पुराव्यासकट. सोबत एक पान जोडा, इंटर्नशिपच्या शाळांची यादी आत्ता काय आहे आणि पुढच्या वर्षी काय असावी. बाकीचे पेपर ज्याचे त्याने भरायचे, आयक्यूएसी म्हणजे तुम्ही एकटीने सगळ्यांचं लिहून द्यायचं असं नसतं, आणि जो शिकवतो त्याने नाही भरलं तर त्याला अर्थही नाही.

आणि आश्रमशाळेच्या परवानगीचा अर्ज आत्ताच टाका. शासकीय आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून जावं लागतं, तिथे वेळ लागतो, प्रकल्प अधिकारी बदलले की परत पहिल्यापासून. अर्जात किती विद्यार्थी, कुठल्या तारखा, कुठले विषय शिकवणार, मुलींची राहायची वेगळी सोय आणि सोबत कॉलेजची एक प्राध्यापिका मुक्कामी असेल हे स्पष्ट लिहा, आणि जेवणाचा खर्च कॉलेज करणार हे पण, कारण वसतिगृहाचं धान्य मुलांच्या संख्येवर मोजून आलेलं असतं. मुख्याध्यापकांना आधी प्रत्यक्ष जाऊन भेटा, त्यांना गणित-विज्ञानाला माणूस हवा असतोच, ते स्वतःच तुमच्यासाठी प्रकल्प कार्यालयात शब्द टाकतील.